कोरड्या चाकावरची गार

भिंगार,
ता. १० ऑक्टोबर १९७२

चि. सौ. मुक्ताबाईस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

गहिनीनाथ काष्टीचा बाजार आटोपून नगरला आला तो आधी आमच्या दारात. फडक्याची गाठ माझ्या हातात देताना म्हणाला, की लोकांच्या बहिणी भावाला शेवया-पापड धाडतात आणि तुमची बहीण धोंडे धाडते. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, की बाबा, शेवया खाल्ल्या की संपल्या, धोंड्यांचं तसं नसतं. तो माझ्याकडं वेडा आहे की काय अशा नजरेनं बघत गेला.

गाठीतल्या बाकीच्या गारगोट्या साध्याच आहेत. पण त्यातली एक बघून मी चहा प्यायचा विसरलो. फुटलेली बाजू ओली करून उन्हात धरली तर आत मधाचा रंग, आणि त्यातून गेलेला एक पांढरा पट्टा, लुगड्याच्या काठासारखा सरळ. तुझ्याकडं आलो की दर वेळी मी भीमेच्या पात्रात मान खाली घालून फिरतो, श्रीमंतराव मला हसतात, आणि इतक्या वर्षांत असा दगड मला कधी मिळाला नाही. तो तुला दुष्काळी कामावर खडी फोडताना मिळावा याला काय म्हणायचं?

रतनला दाखवला तर ती म्हणाली, की डेपोतले बाकीचे स्टोअरकीपर सुटल्यावर पत्ते कुटतात ते परवडलं. तिच्या शिलाई मशीनचं पायडल काढून मी माझ्या दगड घासायच्या कुरुंदाच्या चाकाला जोडलं, त्याचा राग तिनं अजून सोडलेला नाही. कादरभाईच्या अंगठीतल्या अकीकाच्या खड्यावरचा ओरखडा मी असा काढला, की तो मोहल्लाभर अंगठी दाखवत हिंडला. तेव्हापासून ज्याच्या त्याच्या अंगठीतले खोट आलेले खडे माझ्याकडं येतात. रतन म्हणते हा फुकटचा दवाखाना बंद करा.

एक मात्र आहे. तुझ्या हातोड्याचा घाव या गारेच्या एका अंगाला बसलाय. भिंगातून बघितलं तर तिथून केसासारखी चीर आत गेलेली दिसते. त्याची काळजी नको. चीर जिथवर असेल तिथवर दगड झिजवायचा, खाली निर्मळ लागतो. दगड थोडा लहान होतो इतकंच. यंदा भाऊबीजेला तुझ्या ताटात हाच पडेल, चांदीत बसवून, गळ्यात घालायला.

बागायतदाराची बायको उन्हात खडी फोडते हे मनातून जात नाही. हाताला तेल लावत जा. श्रीमंतरावांना नमस्कार. तुमची विहीर आटली तरी आपला लोभ आटू नये.

तुझा दादा,
मच्छिंद्र

काष्टी,
ता. २४ ऑक्टोबर १९७२

तीर्थस्वरूप दादास,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. इकडं समदी खुशाल हायेत. आता खुशाल म्हंजे काय, तर रेशनवरच्या मिलोची भाकरी खातो, सेंटरवर सुकडी मिळती ती खातो, आन् सांजच्याला हातपाय जागेवर हायेत का बघून झोपतो. अक्षराला हसू नको. पाटीवर तूच शिकिवलंय, वाकडं असलं तर मास्तरचं नाव जाईल.

खडीवरच्या बायांना तुझं पत्र वाचून दावलं. त्या पोट धरून हसल्या. आमी दिसभर दगड फोडतो, आन् शिकलासवरलेला भाऊ सावलीत बसून दगड घासतो, आन् त्यो फोडलेला बरा का घासलेला बरा, यावर त्यांचं भांडान लागलं. मुकादम ओरडला तवा गप बसल्या.

घाव माझाच हाय दादा. दगड खनकन वाजला तवाच कळलं हुतं की आत गार हाय, पन उचललेला हात थांबला न्हाई. चीर ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे. माझ्या गळ्यात कोन भिंग लावून बगनार हाय? तू आपला वेळंवर ये. वैनीला घिऊन ये म्हनलं असतं, पन त्यांना त्या दिशी केडगावला त्यांच्या भावाकडं जायचं असंल.

आनखी गारा घावल्या की धाडते. तुला दुसरं द्यायला यंदा माझ्याकडं काय न्हाई, निदान दगड तरी हायेत. हे तुला नमस्कार सांगत्यात. माया हाय तशीच ठेव.

तुझी बहीन,
मुक्ता

भिंगार,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

चि. सौ. मुक्ताबाईस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

ओवाळलंस तेव्हा ताटात चोळीचा खण टाकला. तू हसून कपाळाला लावलास, पण मला लाज वाटायची ती वाटलीच. शब्द दगडाचा दिला होता. का जमलं नाही ते तिथं सगळ्यांपुढं सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

माझ्या चाकावर पाण्याचा डबा टांगलेला असतो, तो तू पाहिलायस. त्याची बारीक धार घासताना दगडावर पडते आणि दगड थंड राहतो. पाणी तसं फार लागत नाही, पण लागतं. इकडं आता नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते पण करंगळीएवढं. एक दिवस मी डबा भरत होतो आणि खिडकीतून बाहेर बघितलं, तर शेजारची लंकाबाई नळावर रिकामी घागर घेऊन उभी. पाणी जाऊन बराच वेळ झाला होता तरी उभीच होती. तिनं काही माझ्याकडं बघितलं नाही, पण माझा हात थांबला. डबा मी परत माठात ओतला. माणसांच्या घशाला कोरड असताना मी दगडाला पाणी पाजत बसलो, हे मला सोसेना. तेव्हापासून कोरडंच घासतो.

आता कोरडं घासलं की दगड तापतो. काडीच्या टोकाला लाखेनं चिकटवलेला असतो, ती लाख मऊ होते आणि खडा सुटून भिंतीवर आपटतो. ते परवडलं. पण तापला की चीर पुढं सरकते. मी घासत घासत तिच्या टोकाशी जातो, आणि भिंग लावून बघतो तर टोक आणखी आत. पुन्हा जाड कुरुंदावर, पुन्हा बारीक, पुन्हा लाकडी चाक, पुन्हा चामडं, आणि शेवटी ती तिथंच. लिंबाच्या फोडीएवढी गार होती, आता मोठ्या बोराएवढी राहिलीय. पट्टा मात्र शाबूत आहे.

तू लिहिलंस की चीर राहू दे. अगं, मला दिसते ना ती. दिसत असून द्यायची कशी?

तुझ्याकडं खोकत होतो ते मनावर घेऊ नको. एसटीच्या खिडकीला काच नव्हती, सगळी वाट धूळ खात आलो. श्रीमंतरावांनी काढा दिला त्यानं उतार आहे. माया पातळ होऊ देऊ नये, एवढंच मागणं.

तुझा दादा,
मच्छिंद्र

भिंगार,
ता. ९ जानेवारी १९७३

सौ. मुक्तावन्संना,
रतनबाईचा नमस्कार. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका, सगळी जिवंत आहोत. हे डेपोत गेलेत तेवढ्यात लिहायला बसले.

वन्सं, तुमच्या पाया पडते, पण यापुढं दगड धाडू नका. तुम्ही मायेनं धाडता ते मला कळतं. पण घरात काय चाललंय ते तुम्हाला कळायला हवं. डेपोतून आले की हे खोलीत शिरतात आणि खिडकी लावून घेतात, कारण वाऱ्यानं पॉलिशची पावडर उडते. त्या कोंडलेल्या खोलीत कोरडं चाक फिरतं. बाहेर येतात तेव्हा मिशा, भुवया, कानाच्या पाळ्या, सगळं पांढरं, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं. मी झाडायला जाते तर केरसुणीत पीठ. ते पीठ यांच्या छातीत जात असणार. खोकला भाऊबीजेपासून थांबलेला नाही. परवा डेपोतून सायकल हातात धरून चालत आले. चेन तुटली का विचारलं, तर म्हणाले नाही, दम लागला.

भांडी विसळलेलं पाणी त्या डब्यात ओता म्हटलं, ते तर कुणाच्या घशात जाणारं नाही. त्यावर म्हणाले, की त्यात राखेचे कण असतात, खड्यावर ओरखडे पडतात. म्हणजे चांगलं पाणी वापरायची यांना लाज वाटते आणि खरकटं पाणी खड्याला चालत नाही. मधल्यामध्ये माझा संसार कोरड्या धुळीत. मी भांडले, रडले, चार दिवस अबोला धरला. अबोल्याचा यांना उलट फायदाच झाला, घासायला निवांत वेळ मिळाला.

तुमचं ऐकतील तर तुमचंच ऐकतील. मी लिहिलंय हे सांगू नका. सांगितलंत तरी चालेल म्हणा, आता मला कशाचं भय राहिलं नाही. मायेत अंतर पडू नये.

तुमची वहिनी,
रतनबाई

काष्टी,
ता. २१ जानेवारी १९७३

तीर्थस्वरूप दादास,
मुक्ताचा नमस्कार. वि. वि.

आज मी रागात हाय, म्हनून चुकलंमाकलं पदरात घे. मला समदं कळलंय. कुनाकडनं ते इचारू नको.

लंकाबाईची घागर तुला दिसली, आन् वैनीचं कुकू दिसंना व्हय रं? आपुन लहान हुतो तवापासून तू असाच. हाती घेतलेलं कायबी सोडायचं न्हाई. आई म्हनायची ह्याला चिकाटी हाय. मी म्हनते ह्यो येडेपना हाय. मी तुला मागं लिवलं हुतं की चीर ऱ्हाऊ दे. माझा गळा हाय, माझ्या गळ्याला चालती, मग तुला का चालंना?

गहिनीनाथाबरूबर डालड्याचा मोठा डबा भरून पानी धाडलंय. तोंडाला फडकं बांदलंय, वाटंत हिंदकळू देऊ नको म्हनून त्याला बजावलंय. आमच्या विहिरीच्या तळाचं हाय. ह्यांनी खाली उतरून वाटीवाटीनं काढलंय. मी दोनदा गाळलंय, राखंचा कन बी न्हाई त्यात. हे तुझ्या चाकाचं पानी हाय, दुसऱ्या कशाचं न्हाई. घासायचंच असंल तर ह्या पान्यात घास, आन् संपलं की सांग, आनखी धाडीन. आनखी कुठनं धाडीन ते मला इचारू नको.

दगड आता एक बी धाडनार न्हाई. रागावलास तरी चालंल. खिडकी उगडी ठेव. माझी आन हाय तुला.

तुझी बहीन,
मुक्ता

भिंगार,
ता. ४ मार्च १९७३

चि. सौ. मुक्ताबाईस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझा डबा थेंबही न सांडता आला. गहिनीनाथनं तो सबंध वाट मांडीवर धरला होता. श्रीमंतराव विहिरीत उतरले हे वाचून मी बराच वेळ त्या डब्यापाशी बसून राहिलो.

आता रागावू नको. ते पाणी मी चाकाला वापरलं नाही. त्याच दिवशी लंकाबाईची सून बाळंत झाली. घरात बाळाला अंघोळ घालायला पाणी नव्हतं. सुईण दारोदार फिरत आमच्याकडं आली, आणि डबा समोरच होता. मी नाही कसं म्हणू? तूही म्हटलं नसतंस. मुलगी झाली. काळीसावळी, केसाळ आहे, रडते मात्र सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

तब्येतीचं विचारशील. नगरच्या डॉक्टरांनी छातीला कान लावून बघितलं आणि क्षय असावा म्हणाले. रोज इंजेक्शन घेतो. दंडावर जागा उरली नाही. ताटवाटी रतननं वेगळी केली, आणि करताना इतकी रडली की मीच तिची समजूत घातली. इंजेक्शनांनी गुण येईल. खिडकी उघडी ठेवतो, तुझी आण पाळलीय. पण मग पावडर उडते म्हणून दाराला पोतं लावलं. घासायचं कमी केलंय. अगदी सोडलं असं म्हणणार नाही, तुला खोटं लिहायची सवय नाही.

चीर आता एकाच अंगाला राहिलीय. ही शेवटची, असं मी रतनला सांगितलं. तिनं विचारलं, ही कितवी शेवटची? आशीर्वाद आहेतच, तुझी मायाही राहू दे.

तुझा दादा,
मच्छिंद्र

भिंगार,
ता. १७ जून १९७३

सौ. मुक्तावन्संना,
रतनबाईचा नमस्कार. वि. वि.

इंजेक्शनांनी काही झालं नाही. कादरभाई भला माणूस, त्यांनी यांना सोबत करून पुण्याला नेलं. तिथं छातीचा मोठा फोटो काढला. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, की काम काय करता? यांनी सांगितलं स्टोअरकीपर. डॉक्टर म्हणाले, नाही, दुसरं काय करता? तेव्हा कादरभाईंनीच सगळं सांगितलं.

क्षय नाही. दगडाची धूळ आत बसलीय आणि फुप्फुसं घट्ट होत चाललीत. कादरभाईंनी औषध विचारलं. डॉक्टर म्हणाले, की बसलेली धूळ काढायचं औषध नाही. आता चाकाला हात लावायचा नाही, श्रम करायचे नाहीत, जिना चढायचा नाही. मग काय करायचं, तर ते त्यांनी सांगितलं नाही.

घरी येऊन यांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. मग म्हणाले, बघ, दगडातली चीर निदान घासता तरी येते. मी उठून आत गेले.

डेपोतून घरी बसवलंय. ताटवाटी पुन्हा एकत्र केली, तेवढंच काय ते बरं झालं. चाकावर चादर टाकलीय. तुम्हाला लिहायला नको म्हणत होते. पण मी एकटीनं हे किती दिवस धरून ठेवू?

तुमची वहिनी,
रतनबाई

काष्टी,
ता. ८ जुलै १९७३

तीर्थस्वरूप दादास,
मुक्ताचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

वैनीचं पत्र आलं. कितींदा कागद घेतला आन् ठिवून दिला.

दादा, आमच्याकडं मान्साला काय झालं तर करायचं काय ते ठरल्यालं असतंय. ताप आला तर डाक्टर, इचू चावला तर उतारा, न्हाईच तर देवाचा नवस. मी कानिफनाथाला मढीला जाऊन आले. तिथं हुबी ऱ्हायले आन् काय मागावं तेच कळंना. धूळ काढ म्हनावं का? मग नुसतं डोकं टेकलं, आन् तुझं नाव घिऊन परत आले.

हे म्हनत्यात तुझा काय दोस. पन दगड कुनी धाडलं? फडक्यात बांदून, गाठ मारून, हौसंनं कुनी धाडलं? आन् घाव बी माझाच. पान्याचा डबा धाडला तर तू तो देऊन टाकलास. तवा मी ह्यांना म्हनले हुते की दादानं बरं केलं. आता वाटतंय, त्या पोरीला एक दिवस बिनअंगुळीची ठेवली असती तर काय झालं असतं. असं वाटतंय म्हनून माझीच मला भीती वाटती.

मला एकच पायजे. चादर काढू नको. गळ्यात घालायला मला काय नको. तू दारात बसल्याला दिसलास की बास. इकडं पेरन्या झाल्या, खडी बंद झाली. आमचं आता चाललंय. तुझं कसं चालंल ते सांग.

तुझी बहीन,
मुक्ता

भिंगार,
ता. ३० सप्टेंबर १९७३

चि. सौ. मुक्तास,
आशीर्वाद. वि. वि.

थोडंथोडं लिहितो. दोन ओळी झाल्या की थांबतो. शाईचा दोष नाही, माझाच आहे.

यंदा पाणी भरपूर झालंय. नळ रोज येतो. लंकाबाई आता घागर भरली की वर आणखी अंगण शिंपते. तिची नात बसायला लागलीय. चाकावरचा डबा मी रतनकडून धुऊन घेतला आणि काठोकाठ भरून ठेवलाय. तिला सांगितलं, नुसता भरून ठेवू दे, बघायला बरा वाटतो. पायडलवर पाय ठेवून बघितला. एकदोन फेऱ्यांतच डोळ्यांपुढं अंधारी आली. म्हणजे आता पाणी आहे आणि दम नाही.

चीर अगदी कडेला आलीय. एका बैठकीचं काम आहे, मुक्ता. पाण्यात घासलं तर सरकणार नाही. दगड धरायला दम लागत नाही, हात अजून बरे आहेत.

भाऊबीजेला मला काष्टीला येववणार नाही. यंदा तूच ये. रतन त्या दिवशी दुपारी केडगावला जाईल. तिला जाऊ दे, तिलाही भाऊ आहे.

तुझा दादा

काष्टी,
ता. ५ नोव्हेंबर १९७३

सौ. रतनवैनीस,
मुक्ताचा नमस्कार. वि. वि.

वैनी, तुमी मला खन-नारळ देऊन वाटं लावलं, येशीपतोर आला, आन् मी मान वर करून तुमच्याकडं बगितलं न्हाई. त्याचं कारन लिवते. वाचून माझं तोंड बगू नये असं वाटलं तर बगू नका.

तुमी केडगावला गेल्या. कोपऱ्यावरनं वळल्या तशी दादानं उशीखालनं ती काडी काढली. टोकाला खडा हुता. मी म्हनले न्हाई. तो भांडला असता तर मी बी भांडले असते. तो भांडला न्हाई. नुसता बसून ऱ्हायला आन् माझ्याकडं बगत ऱ्हायला. बोलायला दम न्हाई म्हनून हातानं पायडल दावलं. मंग माझ्याकडं बोट केलं.

मी चादर काढली, वैनी. त्याला धरून चाकाम्होरं बसिवलं, पाठीला उशी दिली, आन् पायडलवर मी बसले. डब्याची धार सोडली हुती. भुकटी एक कनबी उडाली न्हाई, देवाशपथ सांगते. त्यानं खडा धरला आन् त्याचा खोकला थांबला. खरंच थांबला. हात असं चालत हुतं जसं काय झालंच न्हाई. मदीच माझ्याकडं बगून हसला, आन् बोटानं खून केली की हळू मार. मला लहानपनाचा दादा दिसला. मी मारत ऱ्हायले.

मंग एकदम त्याचं व्हट निळं पडलं. खडा हातात तसाच धरल्याला. मी पाठ चोळली, वारा घातला, पानी पाजलं. लई येळानं दम परतला. मी घाबरून रडाया लागले, तर त्यो म्हनला की जरा ऱ्हायलीय.

तुमी आलात तवा आमी गप्पा मारत हुतो असं सांगितलं. तसं न्हवतं. डाक्टरनं न्हाई म्हनल्यालं मला ठावं हुतं, तुमी न्हाई म्हनल्यालं ठावं हुतं, आन् मी पाय मारला. न्हाई म्हनले असते तर तो तसाच बगत बसला असता. ते बगवलं नसतं. मी काय करायला पायजे हुतं ते तुमीच सांगा. तुमी सांगाल ते ऐकीन, येऊ नको म्हनाल तर ते बी.

तुमची,
मुक्ता

भिंगार,
ता. ११ डिसेंबर १९७३

सौ. मुक्तावन्संना,
रतनबाईचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं त्याला बरेच दिवस झाले. मला हे त्याच दिवशी कळलं होतं. केडगावहून आले तर चाकाखालची फरशी ओली. मी बोलले नाही, कारण त्या दिवशी हे पोटभर जेवले. भात मागून घेतला. कित्येक महिन्यांत मागून घेतलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसून यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. मग मला बोलावलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. म्हणाले, बघ, आहे अजून. मी डोळे फाडून बघितलं. वन्सं, मला काही दिसलं नाही. मधाचा रंग दिसला, पांढरा पट्टा दिसला. चीर आहे का नाही ते देव जाणे. मी म्हटलं, हो, दिसतेय. त्यावर म्हणाले, एका बैठकीचं काम आहे, मुक्ता कधी येते विचार.

रोज विचारायचे. मी तुम्हाला येऊ नका असं लिहायला दोनदा बसले. एकदा या असं लिहायला बसले. दोन्ही कागद चुलीत घातले. मग एका सकाळी यांनी विचारलंच नाही. चहा नको म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. दुपार झाली तरी तसेच. श्वासाचा आवाज तेवढा यायचा, तोही थांबून थांबून.

मी भांडी उरकली. डबा भरला. चादर काढून घडी घातली आणि पायडलवर बसले. माझ्याच मशीनचं ते, लग्नात माहेरहून आलेलं, पायाला सवय होती. चाकाचा आवाज ऐकून यांनी कूस बदलली. हात पुढं केला तेव्हा मी उठवून बसवलं.

तेव्हापासून रोज दुपारी थोडा वेळ बसतो. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. झाल्यावर भिंग लावतात आणि म्हणतात, आहे अजून. ते तसं म्हणाले की माझ्या जिवात जीव येतो, कारण उद्या दुपारी उठून बसायचं ठरलं. मला तुमचा राग येत नाही. यायला हवा होता, पण कुठल्या तोंडानं आणू?

मात्र खडा आता तुरीच्या दाण्याएवढा उरलाय. काडीच्या लाखेत जेमतेम टिकतो इतका लहान. पट्टा गेला. फार तर आठवडाभर पुरेल. मागं मी तुम्हाला दगड धाडू नका असं लिहिलं होतं ते विसरा. नदीच्या कडेला, शेताच्या बांधाला, कुठंही गार मिळाली तर गहिनीनाथबरोबर लगेच धाडा. चांगली नसली तरी चालेल, चिरा असलेलीच बघा. मोठी बघा.

वेगळं काय मागू, लोभ आहेच.

तुमची वहिनी,
रतनबाई